सांगकाम्याने उलटवलेली तारीख

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे झाली होती. कोयनेच्या खोऱ्यात जमीन हादरली, कोयनानगरातील घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. ज्या पिढीने तो धक्का सोसला, तिच्या बोलण्यात पुढे कित्येक वर्षे ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ अशी कालगणना चालू राहिली.

त्याच क्षणी ग्रिनिचच्या घड्याळात १० डिसेंबरच्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटे झाली होती. जगभरच्या भूकंपांची नोंद एकाच वैश्विक वेळेत ठेवण्याची शिस्त असल्यामुळे शास्त्रीय सूचींमध्ये या भूकंपाची तारीख १० डिसेंबर अशी आढळते. घराघरांतल्या आठवणीत ती ११ आहे. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. या धाग्याचा विषय मात्र भूकंप नव्हे. सार्वजनिक ज्ञानकोशात या दोन तारखांपैकी एक खोडून दुसरी लिहिणारा माणूस, आणि ती क्षणार्धात पूर्ववत करणारे यंत्र, या दोघांची ही कथा आहे.

त्या माणसाला सोयीसाठी रत्नागिरी जिल्ह्यातील अलोरे येथे बसवू. चिपळूण तालुक्यातले, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याकडचे हे गाव. घाटमाथ्यापलीकडे अडवलेले कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला येते, पोफळीच्या भूमिगत विद्युतगृहात कोसळते, कोळकेवाडीच्या धरणात पुन्हा साठते, तिथून तिसऱ्या टप्प्याच्या ८० मेगावॅटच्या चार संचांवर पडते आणि अखेरीस वाशिष्ठीला मिळते. पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जायचे पाणी असे पश्चिमेच्या समुद्राला जाते. एकूण १९६० मेगावॅट क्षमतेच्या या प्रकल्पाच्या कर्मचाऱ्यांची वसाहत अलोऱ्यात उभी राहिली, आणि धरण, बोगदा, संच, भूकंप हे शब्द तिथल्या मुलांच्या कानावर पाढ्यांबरोबरच पडले. अशा घरातल्या एखाद्या मुलीने ज्ञानकोशातील पान उघडावे, तिथे १० डिसेंबर दिसावा, आणि आजोबांनी शंभरदा सांगितलेली तारीख आठवून तिने शून्याच्या जागी एक लिहावा, यात नवल ते काय? तिने खाते उघडलेले नाही, संदर्भ दिलेला नाही, बदलाचे कारण लिहिलेले नाही. बदललेला आहे एकच अंक.

काही सेकंदांत पान पूर्ववत होते. तिच्या बदलाखाली एका यंत्राची सही असते.

हे यंत्र आले कुठून? १९९५ च्या मार्चमध्ये वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने कोणालाही बदलता येतील अशा पानांची प्रणाली खुली केली आणि होनोलुलूच्या विमानतळावरील प्रवासी बसवरून तिला ‘विकी’ हे नाव दिले. हवाई बेटांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘चटकन’. जानेवारी २००१ मध्ये याच तत्त्वावर विकिपीडिया सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया. या व्यवस्थेमागची श्रद्धा अशी, की चूक घडू न देण्यापेक्षा घडलेली चूक दुरुस्त करणे स्वस्त असावे. म्हणून प्रत्येक पानाची प्रत्येक आवृत्ती जपून ठेवायची आणि मागच्या आवृत्तीवर परतण्याची सोय एका टिचकीवर आणायची. मराठी विकिपीडियाने या परतण्याला ‘उलटवणे’ म्हटले, खोडसाळ बदलांना ‘उत्पात’ म्हटले, आणि आपोआप काम करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीला ‘सांगकाम्या’ असे झकास नाव दिले.

आरंभी उत्पात उलटवायला माणसेच होती. ‘अलीकडील बदल’ या पानावर डोळा ठेवून बसायचे आणि शिवी दिसली की पुसायची. इंग्रजी विकिपीडियाचा पसारा वाढला तशी ही राखण माणसांच्या आवाक्याबाहेर गेली. २००६ च्या सुमारास तिथे स्वयंचलित उलटवणारे आले, २००७ मध्ये ‘क्लूबॉट’ आला. हा पहिला क्लूबॉट नियमांवर चाले: पान रिकामे झाले, अमुक शब्द आला, की उलटव. तो खराखुरा सांगकाम्या होता. २०१० च्या अखेरीस आलेला त्याचा उत्तराधिकारी ‘क्लूबॉट एनजी’ मात्र निराळ्या जातीचा निघाला. त्याला नियम सांगितलेच गेले नाहीत. स्वयंसेवकांनी हजारो जुने बदल वाचून ‘हा उत्पात, हा नव्हे’ असे शेरे मारले आणि त्या उदाहरणांवरून कृत्रिम मज्जाजालाने स्वतःची पारख बनवली. प्रत्येक नव्या बदलाला तो शून्य ते एक यांमधला गुण देतो. गुण ठरावीक उंबरठ्यापलीकडे गेला की बदल उलटतो. जे सांगितलेच नाही ते करणाऱ्याला ‘सांगकाम्या’ म्हणणे आता थोडे चुकतेच, पण शब्द इतका गोड आहे की तो सोडवत नाही.

सगळी मेख त्या उंबरठ्यात आहे. तो खाली आणला तर अधिक उत्पात पकडला जातो, पण निरपराध बदलही अधिक मारले जातात. क्लूबॉट एनजीच्या चालकांनी उलटी वाट धरली. आधी ठरवले, की चांगल्या बदलांपैकी हजारात एकापेक्षा अधिक बळी जाता कामा नयेत. मग त्या मर्यादेत जितका उत्पात सापडेल तितका सापडो. परिणामी बराचसा उत्पात तो पाहूनही सोडून देतो आणि उरलेला माणसांवर टाकतो. त्याला आणखी एक मर्यादा घातलेली आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते: सामान्यतः एकाच माणसाचा एकाच पानावरील बदल तो दिवसातून एकदाच उलटवतो. तोच बदल तिने पुन्हा केला, तर यंत्र हात आखडते घेते. वाद घालणे हे माणसांचे काम, असा त्यामागचा संकेत.

अलोऱ्याच्या वसाहतीत हे समजावून सांगायला फार कष्ट पडणार नाहीत. विजेच्या संचाला संरक्षक रिले जोडलेला असतो. दोष जाणवला की सेकंदाच्या अंशात तो संच तोडतो. ‘मशीन ट्रिप झाली’ हे वाक्य तिथल्या घरांत जेवणाच्या ताटावरही ऐकू येते. रिले फार हळवा ठेवला तर दोष नसतानाही वीज जाते, फार बधिर ठेवला तर संच जळतो. आणि तोडणे यंत्राने केले तरी पुन्हा जोडण्यापूर्वी कोणीतरी जाऊन पाहावे लागते. तो जाऊन पाहणारा माणूस हाच त्या व्यवस्थेतील सर्वांत महाग भाग.

राखणदार यंत्राविना काय होते, हेही एकदा आपसूक कळले. २०११ च्या पूर्वार्धात क्लूबॉट एनजी काही काळ बंद पडला होता. स्टुअर्ट गाइगर आणि ॲरन हाफेकर या संशोधकांनी तो काळ तपासून २०१३ मध्ये निबंध लिहिला आणि त्याला बांध फुटण्याचे रूपक असलेले शीर्षक दिले. त्यांना दिसले ते असे: उत्पात अखेर दुरुस्त होतच राहिला, पण त्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागला. बांध फुटला तरी गाव बुडाले नाही. माणसे बादल्या घेऊन धावली. यंत्राची उपयुक्तता आणि तिची मर्यादा, दोन्ही या एका निरीक्षणात सापडतात.

इथवरची कथा संगणकाची. पण लिहिलेल्या मजकुरात परक्याचा हात शिरू नये, ही चिंता संगणकापेक्षा फार जुनी आहे, आणि मराठी मुलखात तिच्यावर निदान तीन उपाय होऊन गेले आहेत.

पहिला उपाय दगडाचा. शिलाहारकालीन कोकणात आणि नंतरही, जमिनीचे दान दिले की त्याच्या कडेला ‘गधेगाळ’ उभा करीत. वर सूर्यचंद्र, म्हणजे हे दान ते दोघे असेतोवर टिकावे, मध्ये लेख, खाली गाढव आणि स्त्री यांचे एक असभ्य शिल्प. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली ती शिवी आहे, आणि निरक्षरालाही कळावी म्हणून ती चित्रात दिलेली आहे. पहारेकरी नको, पंचायत नको. ऊनपावसात उभा राहून दगड आपोआप काम करतो. कोकणात आजही शेताच्या बांधावर, देवळाच्या आवारात असे दगड आढळतात. त्यांचा दोष एवढाच, की ते फक्त भय दाखवू शकतात. बदलणारा लोभी आहे की त्याच्यापाशी खरोखरच नवा न्याय्य दावा आहे, हे दगड विचारीत नाही.

(विषयांतराचा दोष पत्करून एक गंमत. ज्ञानकोशांवर शिव्या अडवणाऱ्या ‘संपादन गाळण्या’ही असतात, बदल जतन होण्यापूर्वीच त्या शब्द तपासतात. अशी गाळणी कोणी ‘गाढव’ या शब्दावर बसवली, तर गधेगाळावरचा लेखच लिहिता येणार नाही. आठ-नऊ शतकांपूर्वीच्या राखणदाराला आजचा राखणदार उंबरठ्यावरच अडवील.)

दुसरा उपाय संत एकनाथांचा. ज्ञानेश्वरी लिहिली गेली शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० ला. पुढची जवळजवळ तीन शतके ती हातांनी उतरत गेली आणि प्रत्येक हाताने काही ना काही घातले: कोणी कठीण शब्द सोपा केला, कोणी भक्तीच्या भरात आपली ओवी जोडली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला, एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि शेवटी पुढच्यांना ताकीद लिहून ठेवली. या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असे समजावे, असा तिचा आशय आहे. मराठीतील संपादनविषयक इशाऱ्यांत इतका देखणा इशारा दुसरा नसावा. शिवाय यात एक बारकावा आहे. ज्यांनी ओव्या घातल्या ते शत्रू नव्हते. ते ग्रंथावर प्रेम करणारेच होते. अलोऱ्याच्या मुलीसारखे.

परंतु एकनाथांनी काय काय गाळले, त्याची यादी मागे उरली नाही. त्यांची प्रत प्रमाण ठरली. पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व असल्याचा दावा करीत एक जुनी प्रत मिळवून १९०९ मध्ये छापली आणि तिचा पाठ रूढ पाठाहून कितीतरी ठिकाणी निराळा निघाला. मग वाद पेटला: खरा ज्ञानेश्वर कुठला? ज्याच्या आधारे हा वाद मिटला असता तो कागद, म्हणजे कोणी केव्हा काय बदलले याची नोंद, अस्तित्वातच नव्हती.

तिसरा उपाय पुण्याचा, आणि या तिहींत तोच सर्वांत श्रमाचा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला हात घातला. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखिते मिळवायची, ओळीमागून ओळ ताडून पाहायची, आणि जी ओळ सर्व शाखांच्या मुळाशी पोचत नाही ती मूळ संहितेतून काढायची. या शिस्तीत लोकप्रिय प्रसंगही सुटले नाहीत. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे, ही प्रत्येक मराठी घरात ठाऊक असलेली कथा सुकथनकरांनी संहितेबाहेर काढली. ज्या प्रांतात दहा दिवस गणपती घरी असतो, त्या प्रांतात बसून हे करायला छाती लागते.

पण त्यांनी ती कथा फेकली नाही. काढलेल्या ओळी तारांकित करून पानाच्या तळाशी, आणि लांब उतारे परिशिष्टात, कोणत्या हस्तलिखितात सापडतात त्या खुणेसह छापले. वाचकाला संपादकाचा निर्णय पटला नाही, तर त्या निर्णयाविरुद्ध लढण्याचे सगळे साहित्य त्याच पानावर ठेवलेले आहे. सुकथनकर १९४३ मध्ये वारले. काम १९६६ मध्ये पुरे झाले, १९ खंडांत, प्रारंभापासून ४७ वर्षांनी. पुढच्याच वर्षी कोयनेला भूकंप झाला.

विकीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘इतिहास’ नावाची एक कळ असते. ती सुकथनकरांच्या तळटिपेची वारसदार आहे. अलोऱ्याच्या मुलीने लिहिलेला ११ तिथे जिवंत असतो: केव्हा लिहिला, केव्हा उलटला, कोणी उलटला. गधेगाळाचा वेग आणि भांडारकरांची तळटीप असे दोन्ही गुण या यंत्रात एकत्र आलेले आहेत, आणि म्हणूनच त्याच्या चुका एकनाथपूर्व लेखकूंच्या ओव्यांसारख्या कायमच्या अदृश्य होत नाहीत.

मग बिघडते कुठे? बिघडते ते मुलीच्या मनात. हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंग्रजी विकिपीडियाचे २००७ नंतर घटत गेलेले संपादक मोजले. नव्याने येणाऱ्यांत सद्हेतूने लिहिणाऱ्यांचे प्रमाण विशेष घटलेले नव्हते. वाढले होते ते त्यांचे लिखाण उलटवले जाण्याचे प्रमाण. पहिलाच बदल उलटला की बहुतेक जण भांडत नाहीत. ‘इतिहास’ची कळ कुठे असते हेही त्यांना माहीत नसते. ते निघून जातात. यंत्राच्या हिशेबात हजारातली ती एक चूक असते. एखाद्या लहान गावाविषयी लिहू शकणारी ती एकच व्यक्ती असण्याची शक्यता त्या हिशेबात कुठेच मांडलेली नसते. हजारात एक हे प्रमाण मोठ्या शहराला परवडते. अलोऱ्यातून हजार माणसे लिहायला बसलेली नाहीत.

या टीकेतून एक शहाणपणाची दुरुस्ती झाली, ती नमूद करायला हवी. २०१५ मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठानाने ‘ओरेस’ नावाची गुणांकन-सेवा आणली. तिने एका प्रश्नाचे दोन केले: हा बदल हानिकारक आहे काय, आणि हा बदल सद्हेतूने केलेला आहे काय. हानिकारक पण सद्हेतूचा अशी एक स्वतंत्र जागा त्यामुळे यंत्राच्या डोक्यात निर्माण झाली. जुन्या ग्रंथात भक्तीने ओवी घालणारा आणि दान बळकावणारा, या दोघांना वेगळे ओळखण्याचा हा यांत्रिक प्रयत्न. खाते न उघडता लिहिणाऱ्यांकडे अशी यंत्रे अधिक संशयाने पाहतात, ही तक्रारही तेव्हाच उघडपणे चर्चेत आली. शिक्षण ज्या उदाहरणांवर होते त्यांत अनामिकांचा उत्पात पुष्कळ असतो, आणि यंत्र तेवढेच शिकते.

मराठीची अडचण आणखी निराळी. क्लूबॉट एनजीची पारख इंग्रजी मजकुरावर घडलेली आहे. मराठी विकिपीडियावर राखण करणारे प्रचालक मोजकेच, आणि शेरे मारून हजारो उदाहरणे तयार करायला हात नाहीत. यावर निघालेला तोडगा असा, की यंत्राने भाषा वाचूच नये. किती मजकूर गेला, किती आला, संदर्भ आणि दुवे किती बदलले, एवढ्यावरून धोका मोजणारे भाषानिरपेक्ष प्रारूप विकिमीडियाने बनवले; २०२४ पासून त्यावर चालणारा स्वयंचलित नियामक तुर्कीसारख्या विकिपीडियांनी स्वीकारला. तो बसवायचा की नाही आणि उंबरठा कुठे ठेवायचा, हे त्या त्या भाषेचा समाज ठरवतो. सोय मोठी आहे. पण ज्याला भाषा येत नाही त्याने भाषेचा कोश राखावा, हे ऐकायला चमत्कारिक वाटतेच, आणि उंबरठा ठरवायला बसणारी माणसे आपल्याकडे किती निघतील, हा त्याहून अवघड प्रश्न.

आता पुन्हा त्या एका अंकाकडे. यंत्राने चूक केली का? नेमके सांगायचे तर नाही. पानावर आधी असलेला १० डिसेंबर वैश्विक वेळेनुसार बरोबर होता आणि संदर्भ न देता आकडा बदलणे ही खोडसाळांची नेहमीची रीत आहे. मुलीने चूक केली का? तीही नाही. उणीव राहिली ती पानाच्या वाक्यात: तारीख कोणत्या घड्याळाची, हे त्यात सांगितलेले नव्हते. हे ओळखायला लागते ते माणूस. तो अलोऱ्यातला असेल तर उत्तम. तो ‘इतिहास’ची कळ दाबतो, काही सेकंदांच्या अंतराने पडलेल्या दोन नोंदी पाहतो, चर्चापानावर दोन ओळी लिहितो, आणि लेखात एकीऐवजी दोन वेळा मांडतो: वैश्विक वेळेनुसार १० डिसेंबर, २२:५१, भारतीय प्रमाणवेळेनुसार ११ डिसेंबर, ०४:२१. शेजारी संदर्भ देतो. हा बदल यंत्रासमोर येतो, गुण मिळतो, उंबरठ्याच्या खूप खाली राहतो.

मुलीचा ११ आणि यंत्राचा १० त्या पानाच्या इतिहासात एकाखाली एक तसेच राहतात. त्यांच्यातले अंतर साडेपाच तासांचे.